डाव्या चाकावर रेघ नाही

"सकाळपासून गाडीखाली आहे. आता जेवणाचं ताटही तिथेच सरकवायचं का?"

सासूबाईंची कुरकुर सानाएच्या कानापासून हातभर अंतरावर चालली होती. गाडीखाली उताणं पडल्यावर माणसांची फक्त पावलं दिसतात. सासूबाईंचे निळे रबरी बूट, आणि समोर शेजारच्या ओचीकाकूंचे, टाचेला चिखल लागलेले.

"शिकतेय बिचारी," ओचीकाकू म्हणाल्या. "पण चिझुरुची गोष्टच वेगळी होती. गाडीखाली गेली की भात शिजेपर्यंत बाहेर. अंगावर एक डाग नाही."

"डाग नाही कसा? नखं बघितली होतीस का तिची?" सासूबाई हसल्या. असं हसू दीड वर्षात सानाएच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

"आणि शेवटी त्याच गाडीत... आमच्या ह्यांनी ट्रॅक्टर लावून वर ओढली ना, तेव्हा ते चाक..."

"चहा घेतेस ना?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

निळे बूट वळले. चिखलाचे बूट क्षणभर तिथेच थांबले, मग तेही गेले. सानाएच्या कपाळावर ऑइलचा एक थेंब पडला. पुसावासाही वाटला नाही तिला.

गाडी छोटीशी, पांढरी, सव्वीस वर्षांची. इंजिन सीटखाली, म्हणजे काही बिघडलं की आधी आपली बसायची जागाच उचलायची. यावाताहामा बंदराच्या दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात. त्या उतारावर दगडी बांध घालून संत्र्यांच्या बागा केल्या आहेत, आणि बांधांमधला रस्ता एवढा अरुंद, की काही वळणांवर या गाडीलाही आरसे मिटून घ्यावे लागतात. तोडणीच्या हंगामात गाडी नसली तर संत्र्यांचे क्रेट डोंगरावरच राहतात. आणि गाडीची दर दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी यंदा नेमकी नोव्हेंबरच्या अखेरीस आली होती. गावातला म्हातारा गॅरेजवाला वसंतातच दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला होता.

"मीच करते सगळं," सानाए जेवताना म्हणाली होती. "तपासणीलाही मीच नेते."

यासुनोरी, तिचा नवरा, सूपच्या वाटीत बघत म्हणाला, "कशाला?"

"चिझुरु करायची ना?"

त्यावर सासूबाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बशी उगाच जरा इकडची तिकडे सरकवली.

चिझुरु यासुनोरीची पहिली बायको. पाच वर्षांपूर्वी क्रेट भरून डोंगर उतरताना, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तिला भोवळ आली आणि गाडी बांधावरून खाली गेली. गाडी झाडांत अडकली, ती दगडांवर पडली. 'भोवळ आली.' अख्खं गाव हे दोन शब्द एकाच सुरात म्हणायचं, शाळेत पाठ करून घेतल्यासारखे. गाडीला दोन पोचे आले होते, तेवढेच. ती भंगारात द्यायला मात्र सासूबाई तयार झाल्या नाहीत.

सानाए मात्सुयामा शहरातली. तिथल्या मोठ्या दुकानात बारा वर्षं तिने भेटवस्तू कागदात बांधून दिल्या होत्या, आणि बेचाळिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या डोंगरावर आली. या घरात तिने पडदे बदलले, सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, देवघरातल्या चिझुरुच्या फोटोपुढे रोज सकाळी वाफाळता भात ठेवला. हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, खा बाई, पण आता पुरे कर. हे सगळं जमलं. जमली नाही ती गाडी. ती चालवत गेली तरी रस्त्यातले लोक हात करून म्हणायचे, "अरे, चिझुरुची गाडी!" काचेआडचं माणूस जणू त्यांना दिसायचंच नाही.

म्हणून तिने चिझुरुची हत्यारांची पेटी उघडली. पुस्तकं आणली, रोज दुपारी एक एक काम शिकली. पेटीत पान्यांवर मापांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि तळाशी एक वही. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य होतं: जे स्वतः आवळलं, त्यावरच रेघ.

नट नीट आवळला की त्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. सगळे मेकॅनिक यासाठी पांढरा रंग वापरतात. चिझुरु लाल नेलपॉलिश वापरायची. गाडीखाली जिकडे बॅटरीचा उजेड फिरवावा तिकडे लाल रेघा, झगझगीत, जणू कालच्या. मध्यंतरी गॅरेजवाल्याने दोनदा सगळं खोलून बसवलेलं, तरीही. चांगल्या प्रतीचं पॉलिश असणार, असं सानाएने ठरवून टाकलं.

पुढच्या डाव्या चाकाच्या चार नटांवर तेवढी रेघ नव्हती.

पहिल्या आठवड्यात तिने थिनरच्या फडक्याने एकूण एक लाल रेघ पुसली. प्रत्येक नट टॉर्कच्या पान्याने, म्हणजे पुरेसं आवळलं की टक वाजणाऱ्या पान्याने, आवळला आणि पांढरी रेघ ओढली. चारही चाकांवर. कंबर मोडली, पण त्या संध्याकाळी ती आंघोळीच्या टबात बसून गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी जेवून शेडमध्ये आली तर तिच्या पांढऱ्या रेघांवर लाल रेघा होत्या.

भूतबीत काही तिच्या मनात आलं नाही. मनात आला नवरा. आपण भांडी घासतो तेवढ्यात हा माणूस इथे येऊन, तिच्या गाडीपाशी गुडघे टेकून, तिच्या नेलपॉलिशने... त्या रात्री तिने जेवताना त्याची बोटं बघितली. संत्र्याच्या सालीची पिवळी झाक होती, बस.

"गाडीला रेघा तुम्ही ओढता का हो?"

"कसल्या रेघा?"

"लाल. तिच्यासारख्या."

यासुनोरीने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. चेहरा राखेसारखा झाला. "मी त्या गाडीच्या कामाला हात लावत नाही," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

ते मात्र खरं होतं. त्याच्या हातात पाना तिने कधी पाहिला नव्हता. सायकलमध्ये हवा भरायची तरी तो तिलाच हाक मारायचा.

तिने पुन्हा पुसलं, पुन्हा ओढलं. पुन्हा लाल. एकदा तर तिने शेडच्या दाराला आपलाच एक केस चिकटवून ठेवला; केस जागच्या जागी आणि रेघा लाल. गंमत म्हणजे काम चोख असायचं. तिच्याकडून एखादा नट चुकून सैल राहिला असेल तर तोही आवळलेला मिळायचा. जणू कुणीतरी तिचा गृहपाठ तपासून देत होतं.

फक्त पुढच्या डाव्या चाकावर उलटं घडायचं. तिथे तिची पांढरी रेघ पुसलेली असायची आणि लाल आलेली नसायची. चारही नट सैल. बोटांनी फिरतील एवढे, हाताने बसवून सोडून दिल्यासारखे. ती टक वाजेपर्यंत आवळायची आणि चहा पिऊन परत येईपर्यंत ते पुन्हा तसेच. असं चाक घेऊन ती डोंगर उतरणार कशी आणि तपासणीला जाणार कशी? चार दिवस उरले. मग दोन. ओचीकाकू कुंपणावरून विचारून गेल्या, "झाली का गं चिझुरुची गाडी?"

शेवटच्या दिवशी दुपारी सानाएने शेडचं दार आतून लावलं, कडी घातली आणि ती गाडीतच जेवायला बसली. आत आंबट आलुबुखार घातलेले भाताचे दोन गोळे, थर्मासमध्ये चहा. रेडिओवर समुद्राच्या हवामानाची बातमी. छताच्या पत्र्यावर ऊन तापत होतं आणि मधूनच टिकटिक वाजत होतं. कुणी आलं नाही, कुणी हललं नाही.

दुसरा गोळा अर्धा झाला तेव्हा तिला वास आला. दुकानात सौंदर्यप्रसाधनांचा विभाग तिच्या शेजारीच होता, वास ओळखायला वेळ लागला नाही.

ती खाली उतरली. सीट उचलली.

इंजिनच्या बोल्टांवर चार लाल रेघा होत्या. तिने बोट लावलं. बोट लाल झालं.

अर्धा तास ती बसली होती, त्यांच्या बरोबर वर.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण जराशी मागाहून. आधी तिच्या मनात आलं: किती सरळ. अडचणीच्या जागेत हात घालून, न बघता, आणि तरी किती सरळ.

सासूबाई मागच्या ओसरीवर बसून वाळवायला घालायची फळं सोलत होत्या. सोललेली नारिंगी फळं दोरीवर ओळीने टांगलेली होती. सानाएने बोट त्यांच्यासमोर धरलं.

"आई, तुम्ही लावता का हे? खरं सांगा. मी चिडणार नाही."

सासूबाईंनी बोटाकडे बघितलं. सुरी थांबली.

"ती बाटली संपली गं," त्या हळूच म्हणाल्या. "तिला शवपेटीत ठेवलं ना, तेव्हा मीच लावलं तिच्या नखांना. जन्मभर नखांत ग्रीस घेऊन फिरली. म्हटलं, जाताना तरी बाईसारखी जाऊ दे. नऊ नखं झाली. दहाव्याला पुरलं नाही, अर्ध्यावरच संपलं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "बाटली मीच धुऊन टाकून दिली."

समुद्रावर एका बोटीचा भोंगा वाजला.

"डाव्या चाकाला लागत नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. "पुढच्या?"

सानाएने चाकाबद्दल घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही लागत."

सासूबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. "यासुनोरी!" त्यांनी बागेकडे तोंड करून हाक मारली. पाच वर्षांत एवढ्या मोठ्याने त्या बोलल्या नसतील. "खाली ये. आत्ता."

तो कात्री कमरेला तशीच लटकवून आला. शेडच्या दारात थबकला. सासूबाई एका रिकाम्या क्रेटवर बसल्या आणि त्यांनी खाली पडलेला पाना उचलून त्याच्यापुढे धरला.

"आवळ."

"आई, मी..."

"आवळ म्हणते ना."

तो डाव्या चाकापाशी बसला. पाना दोनदा नटावरून घसरला. मग टक. टक. टक. टक. उठून तो भिंतीपर्यंत मागे सरला.

तिघं बघत राहिली. चाकावर काहीच आलं नाही.

"नुसतं आवळून नाही भागायचं, बाळा," सासूबाई म्हणाल्या.

यासुनोरीने खाली बघितलं. बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी साधा होता, बागेतलं काही सांगावं तसा.

"पंक्चर काढलं होतं त्या दिवशी. ती म्हणाली, राहू दे, चाक मी बसवते. मी म्हटलं, नेहमी तूच का? गावात तुझ्याच हातांचं कौतुक, आणि मला बघून हसतात लेकाचे. मी बसवणार." त्याने ओठ चाटले. "नट हाताने फिरवले. पाना घेणार तेवढ्यात वरून हाक आली, गेलो. परत आलो तर ती विचारते, आवळलेस ना? मी हो म्हटलं."

सानाएचं लाल बोट मुठीत गेलं.

"रेघ ओढायला तिने बाटली काढली होती. बघून घेते एकदा, म्हणाली. मी म्हटलं, एवढाही भरवसा नाही का माझ्यावर?"

"मग?"

"मग तिने बाटली खिशात ठेवली."

पत्रा टिकटिकला.

"तिला भोवळ आली नव्हती, आई," यासुनोरी म्हणाला. "चाक मी बसवलं होतं."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

वास आला. तिघांनाही आला.

"सानाए," सासूबाईंनी पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. चाकाकडे त्या बघत नव्हत्या. "बघ गं, रेघ आली का?"

ती वाकली. चारही नटांवर रेघा होत्या, ओल्या, तिला कधीच जमल्या नसत्या इतक्या सरळ. चौथी तेवढी अर्ध्यावर थांबली होती.