जुना पार्ट

गाडीतून काढलेला जुना पार्ट मी नेहमी परत मागून घेतो. जुनाच पुसून नवा म्हणून बसवणारे लोक मी पाहिलेत, असं सगळ्यांना सांगतो. खरं तर एकही पाहिलेला नाही. वडील मागायचे म्हणून मी मागतो. त्यामुळे झिजलेले ब्रेकपॅड आणि मेलेले बल्ब आमच्या डिकीत पिशव्यांमधून सुखाने नांदतात. बायको त्याला संग्रहालय म्हणते.

गाडी हायब्रीड आहे. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर आणि पूर्णपणे स्वतःच्या मर्जीवर चालते. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नाही की कोकलत सुटते. बायकोच्या गळ्याखाली औषधासाठी नळी बसवली आहे, तिथेच पट्टा रुततो. त्यामुळे हॉस्पिटलला जाताना सगळा रस्ता टुंग-टुंग. मागे माणूस आहे आणि बेल्ट नाही, एवढं गाडीला कळतं. का नाही, ते कळत नाही. "सासूबाईंची उणीव भासत नाही हो," असं बायको म्हणायची.

हॉस्पिटल चढावर आहे. पहिल्यांदा तिथेच डॅशबोर्डवर केशरी दिवा लागला आणि पिकअप गेला. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली. मागून हॉर्न. डोस चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागे एकदा चुकला तेव्हा गाठीने लगेच उचल खाल्ली होती. टॅक्सीतल्या अत्तराने बायकोला उलट्या होतात, आणि पाय पसरून बसायला तिला हीच सीट लागते. कसेबसे पोचलो.

परतताना चढाच्या पायथ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. तोही स्वतःला तेच म्हणतो. बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिला गार ठेवणारा पंखा गाडीतलीच हवा ओढतो, सीटशेजारच्या जाळीतून. जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि गाडी दम टाकते. त्याने जाळी काढली.

"कुत्रं पाळलंय का, साहेब?"

नाही म्हटल्यावर त्याने माझ्या टकलाकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही. जाळीत केस होते. मऊ, पिंगट, लहान मुलांचे असतात तसे. आम्हाला मूल नाही. मी सवयीने पिशवी मागितली.

पुढच्या डोसला पुन्हा तोच चढ, तोच दिवा. या वेळी जाळीतून निघाले ते लांबसडक, काळेभोर, तेलाचा वास असलेले. घरी आल्यावर बायकोने पिशवी उजेडात धरली.

"कोणाला फिरवता हो माझ्यामागे?" मग स्वतःच म्हणाली, "एवढे केस असलेली बाई तुमच्या गाडीत कशाला बसेल म्हणा."

आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखं बरंच होतं. औषधाने केस जातील असं डॉक्टर म्हणाले होते, ते गेले नव्हते. उशीवर नाही, कंगव्यात नाही. चांगलं लक्षण, असं आम्हीच ठरवून टाकलं.

त्याच्या पुढच्या वेळी लाल केस निघाले.

साधे लाल नव्हे. भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बायकोने स्वतःच रंग लावला होता आणि डोकं जांभळट लाल झालं होतं. सगळ्या फोटोंत ती त्या लग्नातल्या शोभेच्या झाडासारखी दिसते. तो रंग जगात दुसऱ्या कोणाला जमणं शक्य नाही. तिने पिशवी पाहिली, माझ्याकडे परत दिली आणि भांडी आवरायला गेली. मी डिकी उघडून तिन्ही पिशव्या ओळीने ठेवल्या आणि लगेच उचलल्या.

मी शिकलेला माणूस आहे. सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी गाडी कॉम्प्युटरला लावली, काही दोष नाही म्हणाले आणि सीट साफ ठेवायला सांगितलं. मी घासून घासून साफ केली.

चौथ्या वेळी निघाले आखूड, काळे-पांढरे, उजव्या बाजूला जास्त पिकलेले. वस्ताद जाळी झटकत होता. बाकावर बायको चहा पीत बसली होती, उजव्या कानामागे पांढरी बट सारून. मी पिशवी खिशात कोंबली आणि तिला काही सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या मनाने एकच धरून ठेवलं: पुढच्या वेळी पांढरे निघू देत. शुभ्र, विरळ, म्हातारीचे. देव मी मानत नाही. जाळीपुढे मात्र हात जोडायचे तेवढे बाकी होते.

काल डोस होता. चढाच्या अलीकडेच दिवा लागला, पिकअप गेला. गाडी ढकलल्यासारखी गॅरेजमध्ये नेली. बायकोला उतरवून बाकावर बसवलं. वस्तादने जाळी काढली, उजेडात धरली, उलटी केली.

"अभिनंदन, वहिनी," तो तिला म्हणाला. "एक केस नाही. कोरी जाळी."

"सुटलो बाबा," बायको म्हणाली.

मी नीट बघायला सांगितलं. त्याने टॉर्च मारून दाखवली. मग माझी सवय ठाऊक असल्यामुळे गंमत म्हणून एक पिशवी फुगवली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

बायको मागे बसली. मी गाडी सुरू केली. दिवा विझलेला होता.

चढ आला. गाडी बॅटरीवरच चढू लागली. आवाज नाही, ओढ नाही. इतकी हलकी ती कधी चालली नव्हती.

"किती शांत चाललीय," बायको मागून म्हणाली.

मी आरशात पाहिलं. ती बाहेर बघत होती. पट्टा बाजूला लोंबत होता.

गाडी कोकलत नव्हती.