सलाइनच्या खोलीतली हवा

१९७६ सालचा वैशाख. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका धर्मादाय दवाखान्यात चांगुणा सिस्टर सलाइनच्या खोलीकडे निघाली, तेव्हा भर दुपारचे दोन वाजले होते. गावोगाव पटकीची, कॉलऱ्याची साथ लागली होती. खाटा संपल्या, माणसं जमिनीवर घोंगड्या टाकून पडली, आणि बाहेरून येणारं सलाइन दोन दिवस आलंच नव्हतं. ते इथंच तयार करायचं ठरलं. औरंगाबादेत ते काम शिकून आलेली ती एकटीच.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून हवेची पेटी होती. पोलादी मेज, दोन्ही बाजूंना काच, मागे बारीक गाळणी. पंखा लावला की गाळलेली हवा मागून सारखी अंगावर येई, म्हणजे उघड्या बाटलीत धूळ पडत नसे, जंतू शिरत नसत.

दाराशी भागूबाई आयानं तिचा हात धरला.

"सिस्टरबाई, वरीस झालं, हितं कोनी पाय ठिवला न्हाई."

"काहून?"

भागूबाईनं आवाज खाली आणला. "तातेराव कंपाउंडर हितं सलाइन भरायचे. गाळणी सडली, बदला म्हणून चार महिने किसनराव डॉक्टरच्या मागं लागले. साहेबानं मनावर घेतलं न्हाई. मंग त्या सलाइननं दोन बाळंतिणी गेल्या. त्यायचे लोक काठ्या घेऊन आले. तातेराव आतून कडी लावून बसले. साहेबानं लोकायला मागं उभं केलं अन् दार वाजवलं... 'तातेराव, मी आहे, उघडा.' त्यायनं भरोशानं उघडलं बाई. लोकायनं याच मेजावर डोस्कं आपटून आपटून मारलं."

"आन् गाळणी?"

"त्यायच्या तेराव्याला नवी बसवली."

वॉर्डातून कुणाच्या तरी ओकाऱ्यांचा आवाज येत होता. चांगुणा आत गेली, कडी लावली, हात धुतले, मास्क बांधला आणि पंखा चालू केला.

पहिल्या काही बाटल्या नीट भरल्या. हवा थंड होती, तिला नुसता स्पिरिटचा वास. मग हळूहळू ती कोमट होत गेली. सारखी वाहायची सोडून थांबून थांबून येऊ लागली, धाप लागल्यासारखी. तिच्यात लोखंडाचा, ओल्या रक्ताचा वास होता. त्या गाळणीतून धुळीचा कणही येत नाही, हे चांगुणाला पक्कं ठाऊक होतं. तिनं दात आवळले आणि पुढची बाटली उचलली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"सिस्टर, मी आहे, उघडा."

किसनराव डॉक्टरांचा आवाज. हवा एकदम थांबली. पंखा मात्र फिरत होता.

"साहेब..." चांगुणानं हातातली बाटली मेजावर ठेवली. "आत येऊ नका."

ती जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत कडी सावकाश सरकली.

डॉक्टर आत आले आणि दार मागे धाडकन आपटलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत कुणीतरी झिंज्या धरून ओढावं तशी त्यांची मान खाली वाकली. पाय फरशीवरून फरफटत मेजापर्यंत गेले. कपाळ पोलादावर आदळलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा नाक फुटलं आणि काचेवर रक्ताची चिळकांडी उडाली. दात मेजावरून घरंगळत खाली पडले. कुणी दिसत नव्हतं, पण काठ्यांचा आवाज स्पष्ट येत होता, बरगड्यांवर, पाठीवर, आणि प्रत्येक आवाजासरशी कोटाखाली काहीतरी कडकन मोडत होतं.

चांगुणानं त्यांची कंबर धरून ओढलं. हवेतून एक तडाखा तिच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, कळ मागून आली. ती गुडघ्यांवर बसली.

"तातेराव," ती कशीबशी म्हणाली, "तुमचं खरं हाये. सगळ्यायला ठावं हाये. पण भाईर लेकरं मरून राहिले... मला बाटल्या भरू द्या."

काठ्या थांबल्या. डॉक्टर मेजावरून घसरून पोत्यासारखे खाली पडले. गाळणीतून पुन्हा थंड, स्वच्छ हवा येऊ लागली.

जीपमध्ये घालून त्यांना नांदेडला नेलं. चांगुणानं हाताला फळी बांधून घेतली. या हातानं आता बूचसुद्धा दाबता येणार नव्हतं. निदान भरलेल्या तेवढ्या तरी आणाव्यात म्हणून ती भागूबाईला घेऊन परत गेली.

मेजावर रक्ताचा थेंब नव्हता. बाटल्यांच्या सगळ्या रांगा भरलेल्या होत्या, बुचं घट्ट, सीलं आवळलेली.

"कोनी भरल्या?" भागूबाई पुटपुटली.

"ज्यायला येतं त्यायनं."

जवळा बाजारच्या चांदणी नावाच्या चार वर्षांच्या पोरीची नाडी लागत नव्हती. तिची माय, मिराबाई, नुसती बघत बसली होती. चांगुणा बाटली घेऊन क्षणभर उभी राहिली. याच खोलीतल्या सलाइननं दोन बायका गेल्या होत्या. मग तिनं डाव्या हातानं बाटली उलटी टांगली, भागूबाईकडून पोरीचा हात धरवून घेतला आणि सुई टोचली. दिवस मावळायला चांदणीनं पाणी मागितलं. त्या दिवसानंतर त्या वॉर्डात पटकीनं कुणी दगावलं नाही.

साथ ओसरली तेव्हा एक बाटली उरली. चांगुणानं ती कपाटात कुलूपबंद ठेवली. नांदेडला डॉक्टर अजून शुद्धीवर नाहीत, रोज थोडे थोडे सुकत चाललेत, असा निरोप येतो.

बाटलीचं सील शाबूत आहे. तिला नळी नाही, सुई नाही. तरी रोज सकाळी तिच्यातलं पाणी बोटभर खाली गेलेलं असतं. काल तळाशी बोटभरच उरलं होतं. आज चांगुणा कपाट उघडायला धजत नाही.