जिवंतांच्या कागदावरची त्रेसष्ट नावं

बसा असे. थंडी फार आहे, दिवा जरा मध्ये घ्या. तुम्ही जनरल पोरोशिन यांच्याबद्दल विचारलंत. सर्बियातल्या त्या पांचेवो गावातल्या दुसऱ्या कुठल्याही रशियन माणसाला विचारलं असतं तर त्यानं लगेच हवापाण्याच्या गप्पा काढल्या असत्या. मला ती सोय नाही. मी त्यांचा अ‍ॅडज्युटंट होतो, त्यांचे हुकूम लिहिणारा.

मांचुरियात लेफ्टनंट, कार्पेथियनच्या पहाडात कर्नल, छातीवर सेंट जॉर्जचा क्रॉस, चव्वेचाळिसाव्या वर्षी जनरल. सैनिक त्यांच्यावर जीव टाकायचे, कारण सैनिकांआधी ते कधी जेवले नाहीत. आणि हाच माणूस शेवटी पांचेवोत एका सर्ब विधवेच्या माडीवर भाड्यानं राहून घोड्याच्या केसांचे ब्रश बांधत होता. ब्रश चांगले बांधायचे. तेही धड जमलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं.

आम्ही देश सोडला त्या दिवसाचं सांगतो. काळ्या समुद्रावरचं बंदर, मार्च महिना, धक्क्यावर माणसांची चेंगराचेंगरी. बोटी निघेपर्यंत बोल्शेविकांच्या लाल फौजेला थोपवायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं. जनरलसाहेबांनी तिसरी कंपनी ठेवली. हुकूम असा, की पहाटेपर्यंत टिकून राहा, पहाटे तुमच्यासाठी बोट परत येईल. बोट परत येणार नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही, कारण हुकूम मीच लिहिला होता. तो नेऊन दिला तोही त्याच कंपनीतल्या माझ्या धाकट्या भावाच्या, ग्लेबच्या हातात. त्यानं वाचला आणि विचारलं, "नक्की ना, दादा?" मी म्हटलं, "नक्की."

आमच्या चर्चमध्ये दोन कागद देतात. एकावर जिवंतांची नावं, त्यांच्या आयुष्यासाठी. दुसऱ्यावर मेलेल्यांची, त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी. पाद्री ती वेदीपाशी वाचतो. जिवंत माणसाचं नाव चुकून दुसऱ्या कागदावर जाऊ नये म्हणून आमच्या बायका चिठ्ठी तीनतीनदा वाचून बघतात. जनरलसाहेब तिसऱ्या कंपनीची सगळी त्रेसष्ट नावं सहा वर्षं पहिल्याच कागदावर लिहीत होते. लोक पाठीमागे म्हणायचे, म्हातारा केलेल्या खुनांवर मलम लावतोय. दर रविवारी आमचे पाद्री फादर नील जिवंतांमध्ये "ग्लेब" म्हणायचे आणि माझा पुढचा आठवडा निघायचा.

नोव्हेंबरातला तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाचा शनिवार, आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना. दुपारी फादर नील यांनी मला बोलावून घेतलं. बल्गेरियातून एका कोसॅकचं पत्र आलं होतं. तो त्या दिवशी बंदरावरच्या टेकडीत लपला होता. क्रॉसवर हात ठेवून त्यानं लिहिलं होतं, की तिसऱ्या कंपनीतलं कुणीही वाचलं नाही.

"येफिम ल्वोविच," फादर म्हणाले, "सहा वर्षं मी मेलेल्यांसाठी आयुष्य मागतोय. देव हसत असेल माझ्यावर. जा, जनरलांकडून नावं दुसऱ्या कागदावर उतरवून आणा. प्रार्थनेच्या आत."

मी निघालो तेव्हा तीन वाजले असतील. कोशावा सुटला होता. हा वारा एकदा सुटला की तीन दिवस दारं आपटत राहतात. हिरव्या फाटकापाशीच घरमालकीण स्मिल्याबाईंनी मला गाठलं.

"अहो कॅप्टन, बरे सापडलात! तुमच्या लोकांना सांगा, येतात तर येऊ देत, पण पाय पुसून यावं! रोज संध्याकाळी माझा जिना ओला. पुसून पुसून कंबर मोडली माझी."

"कोण लोक, बाई?"

"मला काय विचारता? रशियन! बुटांचा आवाज येतो, चढतात, उतरत नाहीत. सकाळी बघावं तर खोलीत म्हातारा एकटाच. आणि वास तरी कसला! डांबराचा, सडक्या मासळीचा... इथं कुठं आलाय समुद्र?"

जनरलसाहेबांकडे कुणीच जात नाही, हे मला माहीत होतं. मी जिना चढलो. पायऱ्या कोरड्या होत्या, पण तो वास होता. बंदर सोडल्यापासून मी तो घेतला नव्हता, तरी ओळखायला क्षण लागला नाही.

जनरलसाहेब खिडकीशी ब्रश बांधत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातातला दोरा संपवला, गाठ मारली आणि म्हणाले, "तो कोसॅक मला काय नवीन सांगणार? ते रोज येतात, येफिम."

"कोण येतं?"

"अंधारू लागलं की येतात. भिंतीला टेकून उभे राहतात. मी बसा म्हणतो, बसत नाहीत. एवढंच विचारतात, बोट कधी येणार. मी म्हणतो... पहाटे." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "अजूनही खोटंच बोलतो मी. दुसरं काय सांगू रे पोरांना?"

मला एकच गोष्ट विचारायची होती. "ग्लेब... येतो?"

त्यांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. "आत येत नाही. दाराबाहेर उभा असतो. ये म्हटलं तर म्हणतो, दादाची वाट बघतोय."

तेव्हा मी रडलो, सांगायला लाज नाही. आमच्या सहा वर्षांच्या प्रार्थनांनीच त्या पोरांना ना इकडचं ना तिकडचं करून ठेवलं, असं त्या घटकेला मला लख्ख दिसलं. मी कागद पुढे ओढला. "जनरलसाहेब, सोडू या त्यांना. तुम्ही सांगा, मी लिहितो."

ते उठले, जुना कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि ताठ उभं राहून नावं सांगू लागले. कागद न बघता, कंपनीच्या हजेरीच्या क्रमानं. खिडकीतला उजेड करडा होत चालला होता.

पहिलं नाव लिहिलं आणि भिंतीपाशी फळी करकरली. जड, ओले बूट माझ्या पाठीमागून गेले, दारातून बाहेर पडले, एकेक पायरी जिना उतरले. मी वळून बघितलं नाही. दुसरं नाव. पुन्हा बूट. विसाव्या नावापासून मी बूट जिना उतरायची वाट न बघता पुढचं नाव लिहू लागलो. जनरलसाहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. "जातायत," ते पुटपुटले, "बघ, जातायत..."

बासष्ट झाली. खोली रिकामी झाल्याचं अंगाला कळत होतं. ग्लेबचं नाव तेवढं त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मी थांबलो.

"लिही," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"मला नाही होत."

"तू थांबवलंस तर तो तिथंच उभा राहील, येफिम. सहा वर्षं उभा आहे पोरगा."

मी लेखणी टेकवली. दाराबाहेर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. नखांनी, खालच्या बाजूला. मग अगदी कानाशी बोलावं तसा आवाज आला, "दादा... थांब..."

"निरोप घेतोय," जनरलसाहेब म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. देवाशपथ, तसंच वाटलं. मी आमच्या लिपीतलं चार अक्षरांचं ते नाव लिहून टाकलं. पाय जिना उतरल्याचा आवाज मात्र आला नाही.

त्या संध्याकाळी फादर नील यांनी त्रेसष्ट नावं मेलेल्यांमध्ये वाचली. जनरलसाहेब गुडघ्यांवर बसून होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "आता मला झोप लागेल." लागलीच. सकाळी स्मिल्याबाईंना ते अंथरुणात थंडगार सापडले, तोंडावर तेच हसू. आयुष्यात माझ्या हातून एक तरी काम धड झालं, असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये स्मिल्याबाईंनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. रशियाची तिकिटं, शिक्क्यांवर शिक्के. नाव माझं, पत्ता जनरलसाहेबांच्या खोलीचा. आत बाईमाणसाचं अक्षर होतं.

"भाऊजी, तुम्ही मला ओळखत नाही. मी आग्निया, तुमच्या ग्लेबची बायको. बंदरावर ते जखमी होऊन प्रेतांत पडले होते, एका कोळणीनं त्यांना लपवलं. मग दुसऱ्या नावानं इथं तांबोवकडे आले, गिरणीत लागले. नाव उघडं पडेल म्हणून तुम्हाला कधी लिहिलं नाही. आम्हाला एक मुलगी आहे. ते फार चांगले होते. एकच खोड होती. संध्याकाळी कितीही जागं राहायचं म्हटलं तरी डोळा लागायचा, आणि उठले की म्हणायचे, जिना चढून दमलो, दादा काही आला नाही. झोपेत पत्ता पुटपुटायचे, हिरवं फाटक, जिना, उजवीकडची खोली. तोच मी पाकिटावर घातलाय. लढाईत पडलेल्यांच्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी ते असेच झोपले होते. एकदम ओरडले, 'दादा लिहितोय! दादाला थांबवा!' मी हलवलं, गदागदा हलवलं. ते उठलेच नाहीत. भाऊजी, तुम्ही काय लिहीत होतात?"

ते पत्र मी घडी घालून खिशात ठेवलं, अजून तिथंच आहे.

मे महिन्यात जनरलसाहेबांच्या नावानं पाकीट आलं, पेन्झाकडचं. मग ओरेलचं. मग एकाच आठवड्यात चार. "कॅप्टन," स्मिल्याबाई म्हणाल्या, "तुमच्या मेलेल्या म्हाताऱ्याला साऱ्या रशियातल्या बाया पत्रं लिहायला लागल्या की काय?" अक्षर प्रत्येकीचं वेगळं, पत्ता एकच, हिरवं फाटक, जिना, उजवीकडची खोली. मी एकही फोडलेलं नाही. फोडायची छाती नाही माझी. त्या कोसॅकचं खोटं असेल, चुकलं असेल, पण लिहिलं मी, माझ्या हातानं, दुसऱ्यांदा; आधी तो हुकूम, मग ही नावं.

म्हणून परवा मी ते गाव सोडलं आणि इथं या तळघरात येऊन राहिलो. कुणालाही पत्ता दिला नाही, फादर नील यांनासुद्धा नाही. आज दुपारी पोस्टमन हे पाकीट टाकून गेला. बघा, अक्षर तुम्हाला ओळखीचं आहे का. नाव माझं आहे, आणि खाली पत्त्याच्या जागी लिहिलंय, सात पायऱ्या उतरून, दाराला आतून कडी नाही. म्हणजे कुणीतरी झोपेत या दारापर्यंत येऊन गेलंय.

कडी खरंच नाही. मी आत्ता, तुम्ही यायच्या थोडं आधी बघितलं.