नदीला उतार मिळाला

काम तसं सरळ होतं. नदीवर ड्रोन उडवायचा, पाण्याखालचा तळ कुठे भक्कम आणि कुठे गाळाचा ते दाखवायचं, आणि लष्कराच्या ट्रकांना पलीकडून अलीकडे यायला उतार शोधून द्यायचा. ड्रोन मी बनवलेला, उडवणारी माझी नणंद. घरी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण नदीकाठी ती माझा उजवा हात. आज लष्कराने निधी मंजूर केला तर पुढचं काम, नाहीतर माझ्या ड्रोनच्या कारखान्याला कुलूप. आधीच्या चाचण्या अंगलट आल्या होत्या.

सकाळ झाली होती, पण उजाडलं असं वाटेना. नदीवर धुक्याची दाट साय धरली होती. कुजलेल्या लव्हाळ्याचा वास काठावरच्या आमच्या तंबूत शिरून बसला होता. निधी ठरवणाऱ्या समितीचे कर्नल माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. चांगले केस पिकलेले, मितभाषी गृहस्थ.

ड्रोनचा लेझर तळापर्यंत जातो. भक्कम जागा स्क्रीनवर हिरवी दिसते, गाळाची लाल. नणंदेने या काठापासून त्या काठापर्यंत फेरी मारली. सगळी नदी लाल. तिला म्हटलं, अजून एकदा, जरा खालून.

दुसऱ्या फेरीत त्या लाल पाण्यात काहीतरी उभं दिसलं. मग त्याच्यामागे आणखी एक... छातीइतक्या पाण्यात, एकामागे एक, नागमोडी रांग. माणसांच्या आकाराची. मी ड्रोनचा साधा कॅमेरा लावून पाहिला. कॅमेऱ्यात नुसतं पाणी आणि धुकं.

"वहिनी," नणंद अगदी हळू म्हणाली, "ते उभे आहेत ना... फक्त त्यांच्या पायाखाली हिरवं आहे."

खरंच होतं. रांगेखालून हिरवी वाट त्या काठापासून थेट आमच्यापर्यंत येत होती.

मागे खुर्ची करकरली. कर्नल स्क्रीनजवळ वाकले होते. त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. ते शाळेत असताना लढाईत एक तुकडी पुरात ही नदी ओलांडायला उतरली होती. त्यात त्यांचा थोरला भाऊ होता. कुणीच सापडलं नाही.

"त्यांना वाट सापडली आहे," ते म्हणाले. "ट्रक त्याच वाटेने आणा."

पलीकडचे ट्रक पाण्यात उतरले. नणंद वरून एकेकाला वळण सांगत होती, तिचा आवाज जराही कापला नाही. पाणी दारापर्यंतसुद्धा चढलं नाही. एकेक ट्रक गुरगुरत काठावर आला आणि जवानांनी टाळ्यांचा कडकडाट केला. समितीने तिथल्या तिथे निधी मंजूर केला. नणंदेने मला अशी मिठी मारली की माझा चष्माच पडला. आयुष्यात इतकी हसले नव्हते मी.

शेवटचा ट्रक मात्र फार हळू चढला. तो रिकामा होता. तरी मागचे स्प्रिंग पार दबलेले, आणि ताडपत्रीखालून पाण्याची धार लागलेली. ड्रायव्हर खाली उतरला आणि कर्नलना सलाम ठोकून त्याने विचारलं, "साहेब, मागे बसलेत त्यांना कुठे उतरवू?"

कर्नल मागे गेले. त्यांनी टोपी काढली, स्वतःच्या हाताने ट्रकची मागची फळी खाली केली.

"दादा," ते म्हणाले, "आलो आपण. उतरा सगळे."

आत काही नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण ट्रक थोडा वर आला. मग आणखी थोडा. जसं कुणी एकेक जण उडी मारून खाली उतरावं. काठाची ओली माती दबत गेली, तुकडी निघाल्यासारखी, वर रस्त्याच्या दिशेने. कर्नल ताठ उभे राहून सलाम करत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

ट्रक पूर्ण हलका झाला असं आम्हाला वाटलं. मग नणंदेने माझं मनगट घट्ट धरलं.

मागचा डावा कोपरा अजून दबलेलाच होता.

आणि ताडपत्रीच्या त्या टोकाखालून, थेंब थेंब, पाणी गळत होतं.