वाकलेला खटका

फौजदार भगवानराव सेलूला पोचले तेव्हा लग्नघरातली सनई बंद पडली होती. माजघरातल्या ट्रंकेचं कुलूप तुटलेलं. आत नवरीचे दागिने जसेच्या तसे. गेला होता फक्त एक वाकलेला पोलादी खटका.

"लोखंडाच्या तुकड्यासाठी कुलूप कोण फोडतं?" भगवानरावांनी विचारलं.

"त्याच्यावर मोठा सौदा अडलाय, साहेब," शिवमूर्ती म्हणाला. तो मुंबईत सरकारी विमान कंपनीत इंजिनिअर होता, पुतणीच्या लग्नाला गावी आलेला. "आम्हाला मोठी विमानं घ्यायचीत. वेस्टमोर आणि आरोनेल, दोन परदेशी कंपन्या ऑर्डरसाठी झुंजताहेत. हा खटका वेस्टमोरच्या विमानाचा, सामानाच्या दाराचा. आमच्या चाचणीत वाकला. वर आकाशात वाकला तर दार उडेल, विमान खाली येईल. येत्या परवा तो खरेदी समितीपुढं ठेवायचा होता."

"मग घरी कशाला आणला?"

"ऑफिसात दोन्ही कंपन्यांची माणसं फिरतात. कुणाचा भरवसा धरायचा?"

"ट्रंकेत ठेवलाय हे कुणाला ठाऊक होतं?"

"मला, बायकोला आणि अण्णांना."

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"वेस्टमोरचा एजंट दत्तराव काल आहेर घेऊन आला. ओसरीवरूनच परतला."

अण्णा म्हणजे थोरले भाऊ मन्मथअप्पा, नवरीचे वडील. ते तावातावानं पुढं आले. "त्योच चोर हाय! परभणीला उतरलाय. धरा त्याला!"

त्यांनी हात उगारला. कोऱ्या सदऱ्याच्या बाहीवर ग्रीसचा ओला डाग होता.

"अप्पा, तुमचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना चालू आहे का?"

"न्हाई. कापूस सरला. दोन महिने झाले, कुलूप हाय. तिकडं कुनी फिरकत बी न्हाई."

भगवानराव तडक बाहेर पडले. परतले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेला खटका होता.

त्यांनी दोघा भावांना माजघरात बसवून दार लोटलं.

"चोरानं सोनं सोडलं, म्हणजे त्याला हा खटकाच हवा होता. दत्तराव आत आलाच नाही. कोणती ट्रंक फोडायची, त्याला काय माहीत? म्हणजे हात घरातलाच. आणि जिनिंग दोन महिने बंद, तर लग्नाच्या सदऱ्यावर ओलं ग्रीस कुठून आलं? म्हणून तिथं गेलो. यंत्राच्या सुट्या भागांच्या पेटीत हा बाकीच्यांसारखाच दिसावा म्हणून ग्रीस फासून ठेवला होता. बोला, अप्पा."

मन्मथअप्पांनी बाही मुडपून डाग झाकला.

"दत्तराव म्हनला, पोराला अमेरिकेत नोकरीला लावतो. दोन गोऱ्या कंपन्यांचं भांडण, शिवा. त्यात आपलं काय जायलंय?"

"माणसं जातात, अण्णा. त्या विमानात साडेतीनशे माणसं बसतात."

बाहेर नवरीला बोलावणं आलं. शिवमूर्ती उठून दाराशी गेला.

"साहेब, अक्षता पडू द्या. मग फिर्याद लिहून घ्या. दत्तरावचं नाव लिहा." त्यानं भावाकडं पाहिलं. "अण्णांचंही."

भगवानरावांनी दत्तरावला ताब्यात घ्यायला परभणीला शिपाई धाडला आणि स्वतः मांडवात मागं जाऊन बसले.

अक्षता पडल्या. मन्मथअप्पांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग कुणी न सांगता ते फौजदारांच्या जीपकडं चालू लागले. शिवमूर्तीनं मान वर केली नाही.