नकाशातली चिंच

मी यादोराव, भंडाऱ्याचा, मॅट्रिक पास. भूत, उतारा, लिंबू-मिरची असलं काही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगं उन्हात मोजणी करून करून बिघडलं.

सन चौतीसची गोष्ट. गोंदियाच्या म्युनिसिपल कमेटीनं बाजाराचा नकाशा काढायला मला सहा महिन्यांसाठी ठेवलं होतं. नागपूरच्या साहेबांनी नकाशा पास केला तर नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाली तरच धानाचे व्यापारी चुन्नीलालजी आपली शामकला मला देणार. "कच्च्या नौकरीवाल्याले पोरगी नाही देत मी," असं त्यांनी चार लोकांत ठणकावलं होतं. शामकलेला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यानं माझी झोप उडाली होती.

गाव तेव्हा महिन्या-महिन्याला बदलत होतं. काल धान डोलत होतं तिथं आज राईस मिलचं धुराडं. स्टेशनकडून बाजारात नवा सरळ रस्ता आला होता. मोजणीची साखळी ओढायला दरेकशाचा मनिराम माझ्यासोबत होता. विहिरीपासून चुन्नीलालजींच्या दुकानापर्यंत जुन्या कागदावर दोनशे फूट होते. आमचे भरले दोनशे अकरा.

मागं वळून पाहतो तर साखळी रस्त्याच्या मधोमध वळसा घेऊन पडलेली.

"मनिराम, वाकडा काऊन गेलास बे?"

"मधात चिंच हाये ना जी."

रस्ता तळहातासारखा मोकळा. "कुठंय चिंच?"

"तोडली जी. बारा साल झाले. मीच होतो ना तोडाले."

"मग?"

"तोडली खरी. लाकडं बी गाडीवर भरली. पन पडल्याचा आवाज कोनीच नाही आयकला. तुमी आयकला का?"

तेव्हा मी भंडाऱ्यात चौथीत होतो. कसा ऐकणार, कप्पाळ!

मग मी विहिरीच्या काठावर बसून नुसतं पाहत राहिलो. बैलगाड्या त्या जागेला वळसा घालत होत्या. तेंदूपानांचे भारे घेतलेल्या बायका तिथं आल्या की गुडघ्यात वाकत. मिलवाल्या सेठची मोटर भोंगा वाजवत आली, तीही वळून गेली. आणि रुख्मा भाजीवाली भर चैतात, वर फडकंसुद्धा न बांधता, तिथं दुकान मांडून बसली होती. तिचा पालक सकाळसारखाच ताजा.

"बाई, ऊन लागून नाही राहिलं का?" मी विचारलं.

"इथं कायचं ऊन जी?" ती म्हणाली आणि पालकावर पाणी शिंपडू लागली.

सवय, दुसरं काय! अख्खं गाव मेंढरासारखं एकामागं एक. मी चिडून साखळीचं टोक हातात घेतलं आणि नाकासमोर चालू लागलो. मधोमध आलो आणि कपाळावर टणकन काहीतरी बसलं. टोपी मागं उडाली. रुख्मा पदर तोंडाला लावून हसली.

"फांदी खाली आली हाये जी," मनिराम म्हणाला. "वाकून चाला."

मला भोवळ आली असेल. ऊन होतंच तसं. सरळ ताणलेली साखळी मी स्वतः मोजली. दोनशे अकरा. पुन्हा मोजली, पुन्हा तेच. कपाळावर टेंगूळ आलं ते वेगळंच.

शेवटी नकाशावर मी दोनशेच लिहिले आणि रस्ता मोकळा दाखवला. नसलेलं झाड काढून नोकरी आणि बायको दोन्ही घालवायला मी खुळा नव्हतो.

आठवड्यानं नागपूरचे साहेब दुपारच्या गाडीनं आले. गोंदियात पहिल्यांदाच. नकाशा डोळ्यांसमोर धरून ते चालत होते, आजूबाजूला बघतही नव्हते. मी मागं. मधोमध येताच साहेबांनी हॅट काढली, मान वाकवली, चार पावलं तसेच गेले आणि हॅट पुन्हा घातली.

मग थांबले.

"यादोराव, झाड कुठंय?"

"कोणतं झाड, साहेब?"

"आत्ता ज्याच्याखालून आलो ते! एवढं झाड दिसत नाही तुम्हाला? आणि हा नकाशा मी पास करायचा?"

दुकानाच्या ओट्यावर चुन्नीलालजी उभे होते. वर माडीच्या खिडकीत बांगड्या वाजल्या.

मी पेन्सिल काढली. भर रस्त्यात, साखळी पडली होती त्याच वळणावर, चिंच काढली. झाड झकास उतरलं. साहेबांनी सही केली.

जेठात लग्न लागलं. वरात भर दुपारी निघाली. मी घोड्यावर, लगाम मनिरामच्या हातात. मधोमध आल्यावर बाजेवाले आपसूक थांबले आणि घाम पुसू लागले. सगळे वऱ्हाडी दाटीवाटीनं एका गोलात उभे राहिले. गोलाबाहेर कोणी पाय टाकेना.

मलाही गार वाटलं. खोटं कायले बोलू, फार बरं वाटलं.

"कागदावर चढवली तुमी," मनिराम हळूच म्हणाला. "तुमची नौकरी पक्की, चिंच बी पक्की."

वर बघायची माझी छाती झाली नाही.

घोड्यानं मात्र मान उंच केली, हिसका देऊन काहीतरी तोडलं आणि सावकाश चावू लागला. त्याच्या लगामावर हिरवा फेस आला होता.