कॅप्टनचा रकाना

जे लॉगबुक मंगळवारी बॅगेत नव्हतं, ते गुरुवारी सकाळी फ्लाइंग क्लबच्या कपाटावर सापडलं.

"क्लबवरून त्याच्या सामानाची बॅग मी स्वतः भरली होती, मॅडम," ताई फोनवर म्हणाली. "हेडफोन, नकाशे, अर्धा बिस्किटांचा पुडा. लॉगबुक नव्हतं. आता म्हणतात, कपाटावरच होतं. अहो, कपाटावर हात फिरवून बघितला होता मी. नुसती धूळ लागली हाताला."

भाजीवाल्याकडे काय काय घेतलं ते सांगावं, तसं तिने हे सांगितलं. रडण्याचा मागमूस नव्हता. विमान अपघातांच्या चौकशी अधिकारी असलेल्या मॅडमना असे आवाज सवयीचे होते. रडणाऱ्यापेक्षा त्यांना या आवाजांचीच जास्त काळजी वाटायची.

ताईचा भाऊ सोमवारी गेला. क्लबमध्ये वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळे त्याला धाकटाच म्हणत. एकट्याने उडायला गेला आणि उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. क्लबने दुसऱ्याच दिवशी अहवाल दिला: विद्यार्थ्याचा हलगर्जीपणा. तो कागद वाचून वडील म्हणाले, "म्हणजे त्याचंच चुकलं." त्यानंतर ते कोणाशीच बोलले नव्हते. जेवायला बसवलं की बसत, उठवलं की उठत.

"ते वाक्य खरं असेल तर राहू दे," ताई म्हणाली. "पण खोटं असेल तर खोडा. बाबा त्या वाक्याखाली गाडले गेलेत."

मॅडम क्लबवर पोचल्या तेव्हा तिथलं सगळं बिनबोभाट चाललं होतं. कोणी फळा पुसत होतं, कोणी पंपाने चाकात हवा भरत होतं. माणूस गेल्यावर हाताला काहीतरी काम लागतं, तशातली गत.

मुद्दा एकच होता. धाकटा काविळीने दीड महिना घरी होता. इतक्या दिवसांनी परतलेल्या विद्यार्थ्याला आधी इन्स्ट्रक्टरने सोबत नेऊन तपासायचं आणि मगच एकट्याला सोडायचं, असा नियम. मुख्य इन्स्ट्रक्टर, म्हणजे सर, सांगत होते की सकाळी तपासणी झाली. झाली असेल, तर पुढची चूक पोराची. नसेल, तर सोडणाऱ्याची.

मॅडमनी लॉगबुक उघडलं. प्रत्येक वैमानिक आपलं उड्डाण उतरल्यावर त्यात लिहितो. पुढे त्याची अख्खी नोकरी या उड्डाणतासांवर उभी राहते. धाकट्याची पानं छापल्यासारखी होती. ठळक सुटी अक्षरं, काळी शाई, पानाखाली बेरीज. काही ओळींत कॅप्टन म्हणून सरांचं नाव, काहींत ‘सेल्फ’.

शेवटची ओळ सोमवारची. तारीख, विमानाचा नंबर, कॅप्टन ‘सेल्फ’, पस्तीस मिनिटं, शेरा ‘तपासणी, समाधानकारक’. पुढे सरांची सही. मॅडमनी ओळ दोनदा वाचली आणि लॉगबुक पर्समध्ये ठेवलं.

पहिला आला मेकॅनिक.

"विमानात बिघाड होता?"

"शोधा. सापडला तर मला फासावर द्या."

"सोमवारी विमान एकदा गेलं की दोनदा?"

"मी दुसऱ्या इंजिनात डोकं घालून बसलो होतो. इथे दिवसभर घरघर. कोण गेलं, कोण आलं, कानाला काय कळतंय? तास मोजायच्या मीटरचा तर चुराच झालाय."

"रजिस्टरमध्ये दोन उड्डाणं आहेत."

"रजिस्टर सर लिहितात," मेकॅनिक म्हणाला आणि उगाचच हात पुसत बसला.

मग धाकट्याचा खोलीवरचा मित्र आला. सहा फूट उंच, म्हणून लंबू. तीन दिवस झोपला नसावा.

"धाकट्याचं लॉगबुक सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते मी लिहायचो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सर म्हणायचे, मुलाखतीला आधी लॉगबुक बघतात, मग तोंड. खाडाखोड दिसली की सर पान परत तोंडावर मारायचे. म्हणून तो चिठ्ठीवर लिहून ठेवायचा आणि मी रविवारी उतरवायचो."

"सगळं तूच लिहायचास?"

"पहिल्या पानापासून. बदल्यात तो माझे कपडे धुवायचा." लंबू हसला, आणि आपण हसलो म्हणून दचकला.

"सोमवारची ओळही तूच लिहिलीस?"

"सोमवारी मी वैद्यकीय तपासणीला शहरात होतो. संध्याकाळी उतरलो तेव्हा बसस्टँडवर मेकॅनिककाका न्यायला आले होते. तेव्हा कळलं." तो थांबला. "सोमवारची ओळ आहे?"

मॅडमनी लॉगबुक त्याला दाखवलं नाही.

सर आपल्या खोलीत होते. इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल. टेबलावर त्यांचं स्वतःचं लॉगबुक होतं. चामडी कव्हर, पानांना रंगीत चिकटपट्ट्या.

"मुलाखत आहे?"

"मोठ्या कंपनीची. पुढच्या आठवड्यात. आता जाईन की नाही, कोण जाणे."

"बघू शकते?"

सरांनी पुढे सरकवलं. देखणं काम होतं. पानामागून पान, कॅप्टनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ‘सेल्फ’. हजारो तासांचा.

"पोराला तपासलंत?"

"तपासलं. हात चांगला होता. दीड महिन्यानेही मऊ उतरवलं त्याने."

"मग तासाभरात कसा आपटला?"

"घाई. वयच तसं असतं."

"लॉगबुकात कधी लिहिलं त्याने?"

"तपासणीनंतर लगेच. माझ्यासमोर. मी सही केली. मग गडबडीत कपाटावर राहिलं असेल."

"वाचून सही केलीत?"

सर जरा दुखावले. "मॅडम, न वाचता मी आयुष्यात सही केलेली नाही."

मॅडमनी मान हलवली. दुपारी त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवलं. सर, मेकॅनिक, लंबू. ताईही आली होती. फळ्यावर सोमवारचं वेळापत्रक तसंच होतं. धाकट्याचं नाव पुसायला कोणाचा हात धजावला नव्हता.

"हे लॉगबुक सोमवारी कोणीतरी उचललं आणि ताई कपाट बघून गेल्यावर परत ठेवलं," मॅडम म्हणाल्या. "का? एक ओळ भरायला. सर म्हणतात, ती धाकट्याने भरली. पण ही ओळ कोंबडीचे पाय नाही, छापल्यासारखी आहे. म्हणजे धाकट्याने भरली नाही. ज्याचं अक्षर असं आहे, तो शहरात होता. मग तिसरं कोण?"

"ठळक सुटी अक्षरं कोणीही काढतं," सर म्हणाले. "त्या दिवशी त्याने नीट काढली असतील."

"असतील. म्हणून मी अक्षर सोडून देते. लंबू, ओळ वाच."

लंबूने लॉगबुक हातात घेतलं. तारीख वाचली. नंबर वाचला. मग थांबला.

"हे... हे चुकलंय."

"काय?"

"तपासणी म्हणजे सर सोबत. सर सोबत असले की कॅप्टन सर. आम्ही त्यांचं नाव लिहितो. ‘सेल्फ’ फक्त एकटं गेल्यावर. पहिल्या दिवशी शिकवतात, मॅडम. विद्यार्थी ही चूक करूच शकत नाही. त्या शब्दासाठी तर आम्ही जीव टाकतो."

मॅडमनी लॉगबुक त्याच्याकडून परत घेतलं.

"विद्यार्थी करत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण जो वर्षानुवर्षं त्या रकान्यात तोच शब्द लिहीत आलाय, त्याचा हात करतो. सर, तपासणीच्या उड्डाणाचे कॅप्टन तुम्ही असता. तुमच्या लॉगबुकात ‘सेल्फ’ बरोबरच. भीतीने भरलेल्या डोक्याने तुम्ही दुसऱ्याच्या लॉगबुकात लिहीत होतात. डोकं त्याचं झालं, हात तुमचाच राहिला. आणि तुम्ही म्हणता, वाचून सही केली. खाडाखोड दिसली की पान तोंडावर मारणारा माणूस ही चूक बघून सही करेल?"

सरांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"तपासणी झाली नाही," ते म्हणाले. आवाज सपाट होता. "तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, सर, कधी निघायचं? माझ्या तासांची बेरीज लागत नव्हती. मुलाखतीचं लॉगबुक. चार वेळा केली, चारदा वेगळी. मी वर न बघता म्हटलं, तुला येतंय, जा तू एकटा."

"तो काय म्हणाला?" ताईने विचारलं. तिचा हा पहिला प्रश्न.

"थँक्यू सर, म्हणाला."

ताईच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. पुसायचं तिला सुचलं नाही. मेकॅनिकने आपलं तेलकट फडकं पुढे केलं आणि तिने ते घेतलं.

चौकशी संपायला दोन महिने गेले. सरांचं लायसन्स गेलं, खटला उभा राहिला, अहवालातलं ते वाक्य गेलं. मॅडम लॉगबुक परत द्यायला स्वतः घरी गेल्या. लंबूही आला होता. तो हल्ली दर रविवारी यायचा, जुन्या सवयीने.

वडिलांनी नवा अहवाल वाचला. लॉगबुक उघडलं. खोट्या ओळीवर एकच आडवी रेघ होती, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी मॅडमची सही.

"सोमवारचं उड्डाण कुठंय?" ते म्हणाले.

ताईने चमकून बघितलं. दोन महिन्यांत बाबांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"ते हेच, काका. खोटं होतं म्हणून—" लंबू म्हणू लागला.

"हे नव्हे. खरं."

मॅडमनी लॉगबुकाकडे बघितलं. "उड्डाण संपल्यावर लिहितात, काका."

"संपलं की," वडील म्हणाले.

त्यांनी पेन लंबूकडे सरकवलं. "तू लिही. तुझं अक्षर चांगलंय."

लंबूने तारीख लिहिली. विमानाचा नंबर लिहिला. उतरल्याच्या वेळेचा रकाना आला तेव्हा त्याने मॅडमकडे बघितलं. तो रकाना त्याने मोकळा सोडला. मग कॅप्टनच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं.

"एकटाच होता ना?" वडिलांनी विचारलं.

"हो, काका."

"मग लिही."

लंबूने लिहिलं, ‘सेल्फ’. वडिलांनी लॉगबुक आपल्याकडे ओढलं आणि शाई वाळेपर्यंत उघडंच ठेवलं.